सोमणकाकांचे सिनेटरसाहेब

इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या आमच्या गल्लीत कुणाचं भांडण जुंपलं, की शेजारचे सोमणकाका छत्री घेऊन हजर. छत्री पावसासाठी नसते. ती ते भांडणाऱ्यांच्या मध्ये आडवी धरतात आणि विचारतात, "अशा वेळी आमच्या सिनेटरसाहेबांनी काय केलं असतं?"

हे साहेब म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी वारलेले एक अमेरिकन पुढारी. काकांना त्यांचं जाडजूड चरित्र जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये सापडलं आणि तेव्हापासून ते त्यांच्याबद्दल सख्ख्या मामाबद्दल बोलावं तसे बोलतात. गुलामगिरीवरून तिथली उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं एकमेकांच्या उरावर बसायला निघाली, की हा गृहस्थ मधला तोडगा काढायचा. लोक वाहवा करायचे आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून दुसऱ्यालाच निवडून द्यायचे. तीनदा उभा राहिला, तीनदा पडला.

त्या तोडग्यांत गुलामांना कुणी विचारलं होतं का, असं मी एकदा विचारलं. काकांनी हातातली छत्री खाली ठेवली. मग म्हणाले, "तिथेच चुकलं साहेबांचं. दुखणं दोघांनी वाटून घ्यायचं, तिसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही."

आमच्या बेडरूमची खिडकी उघडी असावी की बंद, यावर माझं आणि बायकोचं वाजलं, तेव्हाही काका आलेच. तोडगा असा, की मध्यरात्रीपर्यंत उघडी, पुढे बंद आणि बंद करायला उठायचं मी. आम्ही दोघं मिळून काकांवरच तुटून पडलो. "बघा, झाली की नाही एकी?" म्हणत ते चहाला बसले.

साहेबांसारखेच काकाही दरवर्षी मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभे राहत आणि पडत. आमच्याकडे मंडळाची पितळी गणेशमूर्ती वर्षभर अध्यक्षाच्या घरी असते आणि दर संकष्टीला सगळे तिथे आरतीला जमतात. एका वर्षी मात्र काकांच्या विरोधात कुणीच नव्हतं. काका नवा कोट घालून आले.

पण निवडणुकीच्या सभेत स्लाऊवाले आणि वॉटफर्डवाले भिडले. गणेशोत्सव आपल्याच गावात हवा, नाहीतर वेगळं मंडळ काढू, इथपर्यंत दोघांचीही मजल गेली. छत्री वर झाली. काकांनी तोडगा सांगितला: उत्सव स्लाऊला, अध्यक्ष वॉटफर्डचा. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन्हीकडचे खूश होते. दुखणं कुठे गेलं, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

काका छत्री तिथेच विसरले. दुसऱ्या दिवशी ती द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. एरवी तेच आमच्याकडे यायचे, त्यामुळे काकू गेल्यापासून मी त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. दारात भिंतभर लांबीचं, कोरं करकरीत चपलांचं स्टँड होतं. त्यावर काकांचा एकच जोड होता.

"काका, हे कधी केलंत?"

"उन्हाळ्यात. यंदा संकष्टीला माणसं येतील म्हटलं." मग छत्री घेत म्हणाले, "वॉटफर्डला जागा मोठी आहे म्हणे. बरं झालं."

"या संकष्टीला आम्ही दोघं इथेच येतो आरतीला. तुमच्या देव्हाऱ्यात गणपती आहे ना?" एवढंच म्हणालो आणि वाकून बूट खालच्या कप्प्यात ठेवायला लागलो.

"तिथे नको," काका घाईघाईने म्हणाले. "वर ठेव. खालचा कप्पा लहान मुलांचा आहे."