अण्णांचं निवड मंडळ

धाकटीला मुलाखतीत काही विचारलं की तिची वाचाच बसायची. घरात ती बोलायला लागली की रेडिओ बंद करावा लागे. पण टेबलापलीकडून कुणी "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं, की तिला फक्त आपलं नाव आठवे, आणि तेही आडनावापासून. अशा कितीतरी नोकऱ्या तिच्या हातून गेल्या होत्या. आता लिफ्ट दुरुस्तीच्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची जागा निघाली होती. सोमवारी मुलाखत होती, आणि हीही गेली तर मंगळवारपासून मामाच्या दुकानात बसायचं असं ठरलं होतं. मामाचं दुकान नळ, बेसिन आणि कमोडचं. मामा स्वभावाने प्रेमळ होता, पण उरलेलं आयुष्य कमोडच्या रांगेत काढायची तिची तयारी नव्हती.

तिचे वडील, म्हणजे अण्णा, एका मोठ्या खात्यात नोकरभरतीचं काम बघून निवृत्त झाले होते. उभ्या हयातीत त्यांनी टेबलाच्या एकाच बाजूला बसून दुसऱ्या बाजूच्या माणसांना घाम फोडला होता. निवृत्तीनंतर मुलाखत घ्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते भाजीवाल्याला "आधीचा अनुभव?" असं विचारायला लागले होते. भाजीवाला मग मुकाट्याने कोथिंबीर जास्त घाली.

"प्रश्नांचं काही नसतं," रविवारी सकाळी अण्णांनी जाहीर केलं. "उमेदवार खचतो तो बाहेर बसून. तालीम करायची तर बाहेर बसण्याचीच केली पाहिजे."

त्यांनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या खुर्च्या जिन्यासमोर मांडल्या आणि दारावर वळणदार अक्षरात पाटी लावली: 'मुलाखती चालू आहेत. शांतता राखा. क्रमाने आत यावे.'

"अहो, एकटीच तर आहे ती," आई म्हणाली. "क्रम कसला लावताय?"

"एकटी असली तरी तिला नंबर आहेच. आणि तू आत बस. तू मंडळाची सदस्य आहेस."

"माझी भाजी फोडणीला टाकायची आहे."

"सदस्यांनी घरगुती अडचणी सांगायच्या नसतात."

तिसरे सदस्य म्हणून समोरच्या घरातले दाताचे डॉक्टर आले. त्यांचा दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि कुणाचं तोंड बघायला मिळेल या आशेने ते कुठेही यायला तयार असत. तिघे जेवणाच्या टेबलामागे बसले. धाकटीला शेवटच्या खुर्चीवर बसवून अण्णांनी ताकीद दिली, "हाक मारेपर्यंत उठायचं नाही. घाम येऊ दे चांगला."

घाम यायच्या आत फिल्टरवाला आला. स्वयंपाकघरातला पाण्याचा फिल्टर गळत होता म्हणून आईनेच त्याला बोलावलं होतं. त्याने पाटी वाचली, हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि पहिल्या खुर्चीवर बसला.

"हल्ली लोक फार चौकस झालेत," तो धाकटीला म्हणाला. "पण चांगलंय. कुणालाही घरात घेऊ नये."

तेवढ्यात अण्णांनी दार उघडून पुकारलं, "पहिला उमेदवार."

"अहो, तो फिल्टरवाला आहे," आई हळूच म्हणाली.

"खुर्चीवर बसलाय ना? बसलेल्याला डावललं तर उद्या चौकशी लागेल." अण्णांनी पेन उघडलं. "बसा. कामाच्या ठिकाणी गळती आढळली तर आधी काय कराल?"

"आधी नळ बंद करीन, साहेब."

अण्णा भारावून मागे टेकले. इतक्या वर्षांत या प्रश्नाला प्रत्येकाने 'वरिष्ठांना कळवीन' असंच उत्तर दिलं होतं.

"जरा हसा बघू," डॉक्टर पुढे सरसावले. "आत्मविश्वास उत्तम आहे. पण मागच्या दाढेकडे लक्ष द्या."

फिल्टरवाला फिल्टरला हात न लावताच बाहेर आला, तोवर वरच्या मजल्यावरच्या वहिनी कात्री परत द्यायला म्हणून उतरल्या होत्या. "प्रश्न सोपे आहेत," त्याने त्यांना सांगितलं, "पण दातांचं कडक आहे." वहिनींना लग्न झाल्यापासून नोकरी करायची इच्छा होती. त्या कात्री घेऊनच खुर्चीवर बसल्या. मग दारोदार झाडू विकणारा आला, तळमजल्यावरचा शिंपी आला, आणि खाली कुणीतरी "वर भरती चालू आहे" असं सांगितल्यावर रस्त्यावरून जाणारेही यायला लागले. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या. जागा कसली आहे, हे एकानेही विचारलं नाही.

धाकटीचा नंबर काही येईना. वहिनींचं दूध गॅसवर होतं, त्यांना तिने पुढे सोडलं. झाडूवाल्याचे पाय दुखत होते, त्याला आपली खुर्ची दिली. शिंप्याची छाती धडधडायला लागली, तेव्हा त्याच्याशेजारी पायरीवर बसून ती म्हणाली, "काका, माझ्याकडे बघा. बाह्या आधी शिवता का कॉलर? सांगा मला." शिंपी कॉलरपासून काजापर्यंत सगळं सांगत गेला आणि धडधड विसरला. रांगेत कोण कुणाच्या पुढे यावरून दोघांची जुंपली, तीही तिनेच मिटवली.

दुपारी एक किरकोळ अंगाचा माणूस कागद घेऊन वर आला. तो लिफ्ट कंपनीचा पत्ते तपासणारा होता. कुणाचीही नेमणूक करण्याआधी अर्जातला पत्ता खरा आहे का, हे तो स्वतः जाऊन बघत असे.

"हाच पत्ता ना?" त्याने विचारलं. "मी कंपनीकडून..."

"आम्ही काय हवा खायला आलोय का?" रांग एका सुरात म्हणाली. "मागे उभे राहा."

तो मागे उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा अण्णा म्हणाले, "या, बसा."

"मी? बसू?" तो चाचरला. "साहेब, इतकी वर्षं दारं ठोठावतोय. बसा कुणी म्हणालं नाही."

"सध्याची नोकरी का सोडावीशी वाटते?"

त्या क्षणापर्यंत त्याला ती सोडावीशी वाटत नव्हती. पण विचारलंच आहे म्हटल्यावर त्याने विचार केला, आणि मग तो इतकं मनापासून बोलला की आईने पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरांनी दातही निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. मंडळाने एकमताने त्याची निवड केली.

त्यानंतर अण्णांनी धाकटीला तीनदा पुकारलं. ती रांगेसाठी खाली पाणी आणायला गेली होती. अण्णांनी तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं आणि पेन मिटलं.

"अण्णा, मी पाणी आणायला गेले होते."

"प्रत्येकाकडे कारण असतंच, बाळा."

आई उरलेला दिवस त्यांच्याशी बोलली नाही. अण्णांनाही वाईट वाटत होतंच, पण लिहिलेलं खोडायची त्यांना सवय नव्हती.

सोमवारी धाकटी कंपनीत गेली. टेबलापलीकडे एक मॅडम आणि दोन साहेब बसले होते. तिने घसा खाकरून आडनाव आठवायला सुरुवात केली.

"तुमच्या पत्त्याची तपासणी झालेली नाही," मॅडम म्हणाल्या. "आमचा माणूस सकाळी राजीनामा देऊन गेला. तुमच्या घरी नोकरी लागली म्हणाला. तुमच्या घरी नेमकं चालतं काय?"

आता वडिलांची अब्रू जाणार या धसक्याने धाकटी घाबरायचंच विसरली. तिने खुर्च्यांपासून सगळं सांगायला घेतलं. फिल्टरवाला, वहिनींची कात्री, शिंप्याचं काज, डॉक्टरांनी बघितलेल्या दाढा. एका साहेबांचा चहा निवला. बाहेर तक्रारींचा फोन वाजत होता, कुठेतरी कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं, पण तिघांपैकी एकही जागचा हलला नाही. शेवटी ती 'गैरहजर'पर्यंत आली.

"आमच्याकडे हेच काम आहे," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. हसून पुसत होत्या की रडून, ते कळलं नाही. "अडकलेल्याला माणूस पोहोचेपर्यंत बोलण्यात गुंतवायचं. तुम्हाला घ्यायची तयारी आहे. पण पत्ता तपासल्याशिवाय नेमणूक होत नाही, आणि तपासणारा तुमच्या घरी बसलाय."

धाकटी धावतच घरी आली. तपासणारा इस्त्रीच्या शर्टात जेवणाच्या टेबलाशी बसून रद्दी तारखेप्रमाणे लावत होता. समोर अण्णा प्रसन्न चेहऱ्याने देखरेख करत होते. कित्येक महिन्यांत ते एवढे ताजेतवाने दिसले नव्हते.

"अण्णा, यांना सोडा."

"असं कसं? रीतसर निवड झालीय."

"मला इथे बरं वाटतंय, ताई," तपासणारा म्हणाला. "पगाराचं अजून बोलणं झालेलं नाही, पण बसायला मिळतं."

"ते गेले नाहीत तर उद्यापासून मी मामाच्या दुकानात," धाकटी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. परत घातला. परत काढला.

"मंडळाची सदस्य म्हणून सांगते," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आत्ताच्या आत्ता पाठवा त्याला. नाहीतर अध्यक्षांचं जेवण बंद."

"काढून टाकता येणार नाही," बऱ्याच विचारानंतर अण्णा म्हणाले. "पण डेप्युटेशनवर पाठवता येईल. माणूस आमचा, काम त्यांच्याकडे."

मॅडमना फोन लावला. पलीकडून 'चालेल' असं ऐकू आलं. अण्णांनी आदेश लिहून सही केली. तपासणारा उठला, बाहेर गेला, दार लावून घेतलं आणि बेल वाजवली.

"हाच पत्ता का?" त्याने विचारलं.

"हाच," अण्णा म्हणाले. "बसा."

धाकटीला नोकरी लागली. अडकलेली माणसं सुटल्यावरही तिचा फोन ठेवायला तयार नसतात, असं ऐकिवात आहे. तपासणाऱ्याचे रजेचे अर्ज अजून अण्णांकडेच येतात. ते घेऊन येणं हे तिच्याच कामात धरलेलं आहे, आणि अण्णा त्यासाठी सकाळी दाढी करून, कोट घालून बसतात.

परवा असाच एक अर्ज पुढे ठेवताना तिने विचारलं, "अण्णा, खरं सांगा. त्या दिवशी मी गैरहजर नसते, तर मंडळाने मला घेतलं असतं?"

आईने पोळी लाटता लाटता हात थांबवला. अण्णांनी प्रामाणिकपणे विचार केला. बराच वेळ केला.

"प्रतीक्षा यादीत ठेवलं असतं," ते म्हणाले. मग अर्जावर सही करत, मान वर न करता त्यांनी पुस्ती जोडली, "पण पहिल्या नंबरावर."