आबांचा 'म' कुणी हलवला?

घरातल्या जुन्या संगणकाचा प्रश्न मी एका रविवारी, दुपारच्या जेवणाआधी निकालात काढणार होतो. तसं घरात जाहीरही केलं होतं.

बायको म्हणाली, "मागे तुम्ही इस्त्रीचा प्रश्न निकालात काढला होतात."

मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाला हात घालणाऱ्याला घरातून पाठिंबा मिळत नाही, हे मला पाठ आहे.

संगणक थकला होता, यात वाद नाही. सकाळी बटण दाबून आंघोळीला जावं, तर अंग पुसून परत येईपर्यंत तो नुसता घुरघुरत असायचा. त्यात त्याच्या सिस्टिमच्या कंपनीनं हात वर केले. यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत, चोराचिलटांपासून तुमचं तुम्ही बघा. तिचीच नवी सिस्टिम टाकायला गेलो, तर तिनं आमचं यंत्र नखशिखांत तपासलं आणि भाडेकरू नाकारणाऱ्या घरमालकिणीसारखं नाक मुरडलं. हा संगणक आमच्या योग्यतेचा नाही, म्हणे.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे गेलो. "टाकून द्या, नवीन घ्या," तो म्हणाला. म्हणताना त्यानं मला असं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, की टाकून द्यायच्या मालात माझीही गणती असावी.

ऑफिसात आमच्या शेजारच्या टेबलावर स्वामी बसतो. हे त्याचं नाव नाही. पण कुठलाही विषय काढा, तो प्रवचनावर येतो, आणि प्रवचन एकाच देवाचं: फुकट मिळणाऱ्या सिस्टिमचं.

"हलकी आहे, फुकट आहे, मेलेलं यंत्र उठून बसतं," तो म्हणाला. "फक्त तिचे प्रकार शेकड्यानं आहेत."

"मग कुठला टाकू?"

"ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर असतं."

माझा स्वभाव कसा आहे हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. बायको सांगते, पण ते संगणकाला लागू पडेल असं वाटेना. अखेर ज्या प्रकाराच्या पडद्यावर निळ्याशार तळ्याचं चित्र होतं, तो मी टाकला. जेवायला बसायच्या आत! मी तीन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता आबांविषयी सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील. नोकरी केली कोर्टात, टायपिस्टची. डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यामुळे त्यांना पडदा म्हणजे नुसता उजेड दिसतो, पण त्याचं त्यांना काही नाही. "टायपिस्टनं कागदाकडे बघायचं नसतं," असं त्यांचं ब्रीद. रोज दुपारी ते खुर्चीत ताठ बसतात आणि दोन पत्रं टाइप करून ईमेलनं पाठवतात. एक परगावच्या नानांना, म्हणजे त्यांच्या बालमित्राला. दुसरं गावातच राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला. आलेली उत्तरं संध्याकाळी मी वाचून दाखवतो. नव्या सिस्टिमवर मी त्यांना 'पाठवा' असं भाकरीएवढं हिरवं बटण करून दिलं. कीबोर्डच्या यादीत 'मराठी' दिसलं, त्यावर टिचकी मारली. झालं काम.

आठवडा गेला. एकही उत्तर आलं नाही.

"नाना रागावलाय का रे?" आबांनी विचारलं. "मी काही लागेल असं तर लिहिलं नाही."

"कामात असतील," मी म्हणालो. नाना निवृत्त होऊन युगं लोटली होती, पण मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आत्याचा फोन आला. आवाज खालचा.

"खरं सांग हं मला. त्याचं कसं आहे?"

आता आठवडाभर माझ्या डोक्यात संगणकाशिवाय काही नव्हतं. शिवाय आबांनी पत्रातून तिला सगळं कळवलं असणारच.

"वय झालं गं आत्या," मी म्हणालो. "पण मी हार मानली नाही. आतलं सगळं पुसून काढलं."

"पुसून?"

"हो. जुनं काही त्याच्या लक्षात नाही आता. सकाळी उठायला मात्र कुरकुर करतो. मग डोक्यात एक टपली द्यावी लागते."

"डोक्यात?" आत्यानं विचारलं.

"दुकानदार तर म्हणाला टाकूनच द्या," मी सांगितलं. "पण इतकी वर्षं घरात आहे. जीव होईना."

आत्यानं फोन ठेवला. लाइन तुटली असेल, असं मला वाटलं.

संध्याकाळी घरी पोचलो तर दारात आत्याची चामडी बॅग होती आणि आत तिच्या गल्लीतले डॉक्टर. आत्या माझ्याकडे बघतही नव्हती. डॉक्टर आबांसमोर गुडघे टेकून बसले होते.

"आबा, आज वार कुठला?"

"का, तुम्हाला ठाऊक नाही?" आबा म्हणाले.

"आठवत नाहीये त्याला," आत्यानं पदर डोळ्यांना लावला.

"बरं, स्वतःचं नाव लिहून दाखवाल?"

"लिहायचं कशाला? टाइप करतो." आबा खुर्चीत ताठ झाले. बोटं पावसासारखी चालली. संपल्यावर हात मांडीवर ठेवून ते भिंतीकडे बघत हसले.

पडद्यावर आलं होतं: 'गच ढृक माटप ङे ङे'.

"हेच," आत्या पुटपुटली. "असंच लिहिलं होतं मला. माझ्या नावाच्या जागी 'ढेकृ'."

आबा बोलतात नीट, चालतात नीट, पण आत कुठेतरी अक्षरांची दोरी तुटली, आणि आपण त्यांच्या शेजारी बसून तळ्याचं चित्र बघत होतो. मला आबांकडे बघवेना.

"गप्प का सगळे?" आबांनी विचारलं. "काय आलंय?"

डॉक्टरांनी अगदी हळुवारपणे वाचून दाखवलं. ङे ङे सकट.

आबा ऐकत राहिले. मग त्यांनी एकेक कळ दाबून पाहिली आणि डॉक्टरांकडून प्रत्येक अक्षर वदवून घेतलं.

"माझी बोटं बरोबर आहेत," ते म्हणाले. "टाइपरायटरवर असतो तिथंच मी 'म' दाबलाय. माझा 'म' कुणी हलवला?"

सगळे माझ्याकडे वळले. मराठी कीबोर्ड दोन-तीन तऱ्हांचे असतात, प्रत्येकात अक्षरांच्या जागा निराळ्या, आणि मी टिचकी मारलेला आबांच्या सवयीचा नव्हता, हे मला त्या रात्री स्वामीनं फोनवर सांगितलं. "ते ज्याच्या त्याच्या—" तो म्हणाला, तेव्हा मी फोन ठेवला.

आबा मात्र चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "म्हणजे आठवडाभर मी नानाला हे पाठवत होतो," एवढंच म्हणाले आणि हात खिशात घालून बसले.

टाइपरायटरचा कीबोर्ड मी बसवला. नानांना फोन करून समजूत घातली. ते तिकिटाच्या रांगेत उभे होते, आबांना शेवटचं भेटायला म्हणून. आत्याची समजूत अजून पटलेली नाही, त्यामुळे ती इथंच आहे.

आबांचा मात्र पडद्यावरचा विश्वास उडाला. आता ते टाइप करतात आणि मी शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचतो. चूक नाही ना, याची खातरजमा.

नानांना पहिलंच पत्र. मी वाचलं: "प्रिय नाना, काळजी नसावी. माझं डोकं ठिकाणावर आहे. मुलाविषयी मात्र आता आशा सोडली आहे."

"बरोबर आलंय?" आबांनी विचारलं.

"एकही चूक नाही," मी म्हणालो, आणि 'पाठवा' दाबलं.