टिरिलचा चाकू आणि माझी खबरदारी

नगरपालिकेत माझं काम धोक्याच्या पाट्या करण्याचं. ‘बर्फ पातळ आहे’, ‘छतावरून बर्फ कोसळेल’, वगैरे. आमच्या गावातल्या लाल काठाच्या त्रिकोणांत घसरून पडणारे सगळे पुरुष माझ्याच हातचे (नमुन्याला मी स्वतःच बसतो, असं माझी बायको, मारित, सांगत फिरते).

त्यामुळे सासऱ्यांनी आमच्या लेकीला, टिरिलला, पाचव्या वाढदिवसाला खराखुरा चाकू दिला, तेव्हा मी लगेच हरकत घेतली. बालवाडीतली सगळीच पोरं जंगलात शेकोटीभोवती बसून लाकूड तासतात, हे मलाही माहीत होतं. पण ती दुसऱ्यांची पोरं.

“अगं, तिला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही,” मी मारितला म्हटलं.

“तुलाही उशिराच यायला लागली. तुझी आई सांगत होती.”

मग मी एक छोटासा निर्णय घेतला. दोघी बाहेर गेल्यावर दाराच्या दगडी पायरीवर चाकूची धार घासघासून घालवली आणि निर्धास्त झालो.

बालवाडीत प्रत्येकाने आपापल्या चाकूने लोण्याची लाकडी सुरी करायची होती. शुक्रवारी आईबापांना बोलावून, त्याच सुरीने लेफ्सेला, म्हणजे बटाट्याच्या पोळीला, लोणी लावून खाऊ घालायचं. बाकीच्यांच्या पायाशी ढलप्यांचा ढीग पडू लागला. टिरिलची काठी मात्र काठीच राहिली. गुरुवारी जेवताना ती स्वतःचे तळहात बघत म्हणाली, “बाबा, माझे हात चांगले नाहीत.”

 ती रडत असती तर परवडलं असतं; ती आपली समजूत घालून घेत होती. खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. पण समोर मारित होती, आणि मी मुळात भित्रा.

शुक्रवारी शेकोटीपाशी मी म्हटलं, “आण इकडे, मी करतो मदत.” चाकू बोथट, मग भीती कसली? लाकूड ढिम्म हलेना. जोर लावला. आणखी लावला. चाकू सटकला तो थेट माझ्या अंगठ्यात.

शिक्षिका रान्दीने पट्टी बांधली आणि चाकूच्या धारेवर बोट टेकवून पाहिलं. “मुलांनो, कुठला चाकू हाताला लागतो?”

“बोथट,” सगळी एका सुरात.

“का बरं?”

“जोर लावावा लागतो म्हणून,” एक शेंबडा पोरगा माझ्याकडे बघत म्हणाला. हे म्हणे पहिल्याच दिवशी शिकवतात.

“धार कुणी घालवली, शेटिल?” मारितने मला शांतपणे विचारलं.

“मी.”

टिरिल विचारात पडली. “म्हणजे माझे हात चांगले आहेत?”

“उत्तम आहेत, बाळा.”

रान्दीने धार लावून दिली. टिरिल नीट बसली, चाकू अंगापासून लांब धरला, आणि पहिलीच ढलपी चांगली वीतभर निघाली. माझे डोळे भरून आले (धूर होता, पण इतका नव्हता). लेफ्से गार होत होते, तरी तिची सुरी होईपर्यंत कुणी घास घेतला नाही. स्वतःला कापून घेईल त्याने लहानांत बसायचं, या नियमाप्रमाणे मला तीन वर्षांच्या मुलांत बसवलं, हातात बटाट्याचं सोलाणं देऊन.

सोमवारी तिला सोडायला गेलो, तर चाकूंच्या पेटीवर नवी पाटी. लाल काठाचा त्रिकोण, आत पट्टी बांधलेला भलामोठा अंगठा, आणि त्यामागे एक घाबरलेला माणूस.

“मी काढली. बरी आहे का?” टिरिलने विचारलं.

इतकी वर्षं मी पाट्या काढतोय, पण इतका हुबेहूब चेहरा मला कधी जमला नव्हता.