हमीदचाचाच्या घराला छत न्हाई

हमीदचाचा लहान पोरांची चित्रांची पुस्तकं करतात. गोष्ट त्यांचीच, चित्रंबी त्यांचीच. त्यांच्या पुस्तकात बकरी चष्मा घालती, उंदीर रेल्वेनं उदगीरला जातो, सगळं चालतं. पण घर काढलं की त्याला छत नसतं. भिंती, दार, खिडकी, आत पोरं झोपलेली, अन् वर सरळ चांदण्या.

कोणी म्हणलं, "चाचा, छत राहिलं वाटतं," की संपलंच. "का बे, तुझं डोकं भाड्यानं दिलंय का? चित्रात तुला पाऊस लागायलाय का?"

हे भाड्याचं वाक्य त्यांचं रोजचं. आमची लातूरची गल्लीच तशी हाय. खाली क्लास, वर क्लास, मधी हॉस्टेल, जिन्याखाली झेरॉक्स. समोरच्या भिंतीवर नंबरात आलेल्या पोरांचे हे मोठे फोटो. चाचा रोज सकाळी ते बघून मला विचारतात, "बालाजी, एवढी पोरं हरवली का रे?"

माझं चहाचं हॉटेल त्यांच्या शेजारी. वळख भांडणातून झाली. पैले चाचा दुकानांचे बोर्ड रंगवायचे. माझा बोर्ड त्यांनीच रंगवला अन् मी तो उलटा टांगला. मला कुठं वाचता येतं? गिऱ्हाईक मान वाकडी करून यायले, तर मला वाटलं गावात मानेची साथ आली. मी चहात आलं वाढवलं. चाचानं बघितलं अन् शिडीवर चढून शिव्या दिल्या, म्हणजे पार चौकापर्यंत ऐकू जाव्यात.

पण तवापासून नवीन चित्र पैलं मला दाखवतात. म्हणतात, "शिकलेला मानूस चित्र बघत न्हाई, खालचं वाचतो. तुला तो रोग न्हाई." मी म्हणायचं, "म्हैस झकास जमली." ते म्हणायचे, "गधड्या, ती बकरी हाय." अन् टराटरा फाडून पुन्हा काढायला बसायचे. अडाणी असल्याचा माझा उपयोग एवढाच.

फ्लेक्स आला, बोर्ड गेले, पुस्तकं तेवढी राहिली. ती नांदेडला छापायची. यंदा छापखानेवाला म्हणला, "चाचा, आता चित्रं कोण घेतंय? सराव परीक्षेचे संच द्या." चाचा घरी आले अन् कोणाला शिवीसुद्धा देईनात. गल्ली घाबरली.

तवा समोरच्या क्लासचे सर आले. डॉक्टर व्हायचा क्लास त्यांनी आता बालवाडीपासून काढलाय, हॉस्टेलसकट.

"पुस्तक मी छापतो चाचा. ॲडमिशनला एक फुकट. फक्त घराला छत काढा, अन् छतावर आमच्या क्लासचं नाव."

चाचानं ब्रश खाली ठेवला. "केवढाली पोरं?"

"चार-पाच वर्षांची."

"झोपेत दचकून उठली तर हाक कोणाला मारायची त्यांनी? फ्लेक्सला?"

सर हसले. चाचा न्हाई. "निघा. अन् पायरीवर पाय नका देऊ, रंग ओला हाय."

रंग वाळून म्हैना झाला होता. सर उडी मारून गेले.

मला लई राग आला. चालून आलेलं पुस्तक! चहा घेऊन गेलो अन् म्हणलो, "दोन रेघांनी काय ब्रश झिजला असता? द्या इकडं, मीच काढतो छत."

कप भिंतीवर गेला. कप माझाच.

"भूकंप झाला तवा कुठं होतास तू?"

"इथंच. सगळे बाहेर पळाले, मी बाजेखाली शिरलो. बायकोनं पाय धरून ओढलं."

चाचा हसले न्हाईत. "मी त्या पडलेल्या गावांकडं गेलतो, पत्र्याच्या शेडांवर नंबर टाकायला. एक पोरगी शेडात जायना. भर पावसात बाहेर बसायली. तिची माय घराच्या माळवदाखाली, त्या मातीच्या छताखाली गेली होती. मी उरलेल्या रंगानं पत्र्यावर घर काढलं, म्हणलं हसंल. छत काढायलो, तर तिनं माझा हात धरला. म्हणली, काका, ते नका टाकू, आत पोरं हायत."

मी काच वेचायला खाली बसलो.

"जबान दिली तिला, बेटा कधीच न्हाई टाकणार. मग ट्रक आला, आम्ही निघालो. नावबी इचारलं न्हाई मी. माझंच डोकं भाड्यानं गेलतं."

मला सुचलं ते बोललो. "चाचा, ती आता बाई झाली आसल. तिचीच पोरं क्लासच्या वयाची आसतील."

चाचा माझ्याकडं असं बघायले, जसं मी पैल्यांदा बकरीला बकरी म्हणलं.

"मग मी ही हरामखोर गल्ली सोडून का जात न्हाई, तुला काय वाटलं? तुझ्या चहासाठी?"

आता ॲडमिशन चालू हायत. मुरुडकडून, उदगीरकडून, भूकंपाच्या गावांकडून बाया येतात, डोक्यावर पोराची गादी घेऊन. ते न छापलेलं घर चाचानं दारात टांगलंय, रस्त्याकडं तोंड करून. मीबी चहा गाळताना बायांचीच तोंडं बघतो. का बघतो ते बायकोला सांगितलं, तिला पटलं न्हाई.

चाचाच्या शिव्या चालूच हायत, क्लासला, सरला, मला. एखादी बाई चित्रापाशी थांबली की तेवढ्या थांबतात. बहुतेक बाया हॉस्टेलचाच पत्ता इचारतात.

"ह्याच जिन्यानं वर जा, बेटा," चाचा सांगतात. "अन् पोराची गादी खिडकीपाशी टाका म्हणावं. तिथून आभाळ दिसतं."