हिरालालभाईंचा गुडघा

बायको गेल्याला आठ महिने झाले, तरी हिरालालभाई पंडरी बाजारातल्या आपल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकासमोरच रडू लागत. शेवटी दुकानातले जुने कारकून श्रीपाद यांनी तेलीबांधा भागातल्या एका मनोरोगतज्ज्ञाकडे नंबर लावला.

"समाजात कळलं, तर माझ्या लेकीचं, सोनियाचं, जमलेलं लग्न मोडेल," हिरालालभाई घाबरून म्हणाले.

"तं गुडघा दुखते म्हना ना, शेठ. गुडघ्यानं कोनाचं लग्न मोडते?"

इथेच चुकलं. त्यांच्या गुजराती समाजात आजारपण एकट्याचं नसतं. एकाला डॉक्टर सापडला की बाकीचे त्याच्याच गाडीत बसतात. मंगळवारी सकाळी दारात सात जण एक्स-रे घेऊन उभे. पुढे जसुमतीबेन. सोनियाचं लग्न त्यांनीच जमवलेलं आणि त्यांच्या तोंडाला अख्खा समाज वचकून.

"काहून सांगितलं त्यायले?" श्रीपाद पुटपुटले.

"मी फक्त देवळात लंगडलो!"

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सगळे कण्हत-कुंथत चढले. ज्यांचे गुडघे ठणठणीत होते, ते हिरालालभाई मात्र सर्वांत मागे राहिले. वर पाटी होती, मनोरोग चिकित्सक. सगळ्यांनी वाचली आणि हिरालालभाईंकडे वळून पाहिलं. हिरालालभाईंना सोनियाचा उतरलेला चेहरा दिसू लागला आणि ते परत जिन्याकडे वळले.

"एवढं चढले ते काय पाटी वाचायला?" म्हणत जसुमतीबेन हिरालालभाईंच्याच नंबरावर आत शिरल्या.

चाळीस मिनिटांनी पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या.

"गुडघा पाह्यला का, दीदी?" श्रीपादांनी विचारलं.

"गुडघ्याचं राहूनच गेलं."

मग दुसरा गेला, मग तिसरी. एक्स-रे बाकावरच पडून राहिले. हिरालालभाईंचा नंबर लागला तेव्हा दुपार कलली होती. आठ महिन्यांत त्यांनी बायकोचं नाव उच्चारलं नव्हतं. ते आत उच्चारलं आणि पोटभर रडले.

उतरताना जसुमतीबेननी त्यांना जिन्यात गाठलं.

"हिराभाई, कोणी विचारलं तर गुडघाच सांगायचं."

"हो, बेन."

"आणि पुढच्या मंगळवारी गाडी मोठी कर. सोनियाच्या होणाऱ्या सासऱ्यांचाही गुडघा फार दुखतो."