सुमन सिस्टरचा पेशंट

आमच्या दुकानातला पंखा बंद पडला, तेव्हा सुमन सिस्टरने आधी त्याच्या मोटरीला हाताची पालथी बाजू लावून ताप पाहिला. मग मला विचारलं, "कव्हयपाईन शे?" म्हणजे, कधीपासून आहे. त्यानंतर, "पहिले कोणले दखाडं?" मी म्हटलं, वायरमनला दाखवलं. "त्यानी काय दिधं?" त्याने कपॅसिटर बदलून दिला, असं मी सांगितलं. त्यावर सिस्टरने अशी काही मान हलवली, की मला पंख्याच्या बायकोमुलांची काळजी वाटू लागली.

तळोद्यात आमचं कापडाचं दुकान आजोबांपासून आहे. ते राजस्थानातून आले, आम्ही मात्र गिऱ्हाइकाशी आणि आपसातही अहिराणीतच भांडतो. दुकानासमोर सिस्टरचं घर. सरकारी दवाखान्यात नोकरी झाली, त्यातली बरीचशी वर लांब डोंगरातल्या उपकेंद्रांत. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण तिला कोणी ताई, मावशी म्हणत नाही. वाणी, पोस्टमन, मशिदीतले मौलाना, सगळ्यांची ती सिस्टरच. आणि गल्लीतलं काहीही बिघडलं, मिक्सर, म्हैस, मोबाइल, की सिस्टर येऊन "हिस्टरी" घेते. हिस्टरी पूर्ण झाल्याशिवाय पेशंट उघडू देत नाही. "पेशंट खोटं बोलस," ती म्हणते, "आनि नातेवाईक त्यान्हापेक्षा जास्ती."

दुसरी गोष्ट म्हणजे, चूक दिसली की ती सिस्टरच्या पोटात राहत नाही. नोकरीत असताना एका डॉक्टरांनी फ्रॅक्चर डाव्या पायाला आणि प्लॅस्टर उजव्या पायाला असा प्रकार सुरू केला, तेव्हा तिने ते अख्ख्या वॉर्डासमोर सांगितलं. हे ठीकच झालं. पण माझ्या दुकानात नवरीची आई लाल शालूवर हात फिरवत असताना, "याना रंग जास, मन्हा गेला," हेही तिने तितक्याच कर्तव्यभावनेने सांगितलं. शालू दुकानातच राहिला. वर त्या बाईंना चष्म्याचा नंबर वाढलाय, हेही कळलं.

निवृत्तीनंतर सिस्टरने एक जुनी पांढरी गाडी घेतली. ती गाडी बहुतेक दुसऱ्या गिअरमध्येच जन्माला आली असावी, कारण तिसऱ्यात कोणी पाहिलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात शहाद्याहून येताना बोनेटमधून वाफ निघाली. सिस्टरने हात लावला आणि म्हणाली, "एकशे पाच." इंजिनाचं हेड उघडावं लागणार होतं.

आमच्या दुकानाला लागून गॅरेज आहे, ते रशीदचाचांचं. चाचांना सगळे उस्ताद म्हणत. त्याआधीच्या हिवाळ्यात ते वारले आणि गॅरेज त्यांच्या मुलाकडे, इरफानकडे आलं. इरफान तिशीचा, हात चांगला, पण तोवर एकही इंजिन त्याने बापाच्या नजरेबाहेर उघडलेलं नव्हतं. गावाला हे माहीत होतं. इरफानकडे पंक्चर येत, ऑइल बदलायला गाड्या येत, इंजिन येत नव्हतं. मी सिस्टरला सुचवलं, की गाडी ओढून नंदुरबारला न्यावी. ती म्हणाली, पेशंट गावच्या दवाखान्यातच राहील.

इरफानने हेड उतरवलं, घासून आणलं, नवीन गॅस्केट टाकलं, सगळं परत बसवलं. सकाळी गल्लीदेखत चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, इंजिन गरगरलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

चालू गाडीकडे तळोद्यात कोणी बघत नाही. न चालणाऱ्या गाडीभोवती मात्र सर्वपक्षीय बैठक भरते. रिटायर एसटी ड्रायव्हर म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी आहे. रसवाला म्हणाला, नजर लागली. एक सद्गृहस्थ धक्का मारायला बाह्या सरसावून तयार होते. ते कुठूनही कुठेही धक्का मारायला तयारच असतात. मी बॅटरी म्हटलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण नुसतं उभं राहणं बरं दिसेना.

सिस्टरने सगळ्यांना हाकललं. भेटायची वेळ चार ते सहा, असं चक्क सांगितलं. मग घरून खुर्ची आणून ती गॅरेजमध्ये बसली आणि इरफानची हिस्टरी घ्यायला लागली. पहिलं काय उघडलं, मग काय, कुठला नट कुठे ठेवला. इरफान सांगायचा, मध्येच अडायचा आणि वैतागून पुन्हा इंजिनात डोकं घालायचा. पेट्रोल येत होतं. ठिणगी मात्र पडत नव्हती. त्याने प्लग बदलले, कॉइल बदलून पाहिली. स्टार्टरची गरगर दिवसभर माझ्या दुकानात ऐकू यायची, आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाईक हातातलं कापड सोडून कान द्यायचं.

दुसऱ्या दिवशी जीपवाला सुकलाल गॅरेजच्या दारापर्यंत आला. डोंगरातल्या गावांना सवाऱ्या नेणारी त्याची जीप उस्तादांनीच आजवर सांभाळली होती. त्याने बोनेट उघडी गाडी पाहिली, इरफानला रामराम केला आणि जीप तशीच शहाद्याकडे वळवली. इरफान परत इंजिनात वाकला. दुपारी डबाही उघडला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, सुरतला एका कारखान्यात ओळख आहे, तिथे बरं. इथे लोक येतात ते अब्बांना बघायला, आणि दिसतो मी.

तिसऱ्या दिवशी इरफान नमाजला गेला होता. मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेलो, तर सिस्टर घसा तपासायची बॅटरी घेऊन इंजिनावर वाकली होती. मीही वाकलो. इंजिनाच्या मागच्या बाजूला, पाइपांच्या आड, एक काळी वायर लोंबत होती. तिच्या टोकाला गोल कडी, आणि वर हेडवर त्या कडीच्या मापाचं एक रिकामं भोक. अर्थिंगची वायर लावायचीच राहिली होती, मग ठिणगी पडणार कुठून. एवढं मलाही कळलं, म्हणजे बघा.

मी इरफानला बोलवायला वळलो. सिस्टरने माझं मनगट धरलं, नाडी बघायला धरतात तसं, पण बरंच घट्ट.

"उगी ऱ्हाय," ती म्हणाली.

वायर जशी लोंबत होती तशीच तिने सोडली आणि खुर्चीत जाऊन बसली. इरफान आला. मला वाटलं, आता सांगेल. डॉक्टरांना सोडलं नाही, शालूला सोडलं नाही, इथे किती वेळ दम धरणार? तिचे ओठ हलतही होते. पण ती एवढंच म्हणाली, की इरफान, शेवटचं एकदा सांग. घाई करू नको. ऑपरेशन सुरू केलं तिथून सांग.

इरफान कंटाळला होता, पण सिस्टरला नाही म्हणायची गावात रीत नाही. तो सांगू लागला. बॅटरीची वायर काढली. एअर फिल्टर काढला. पाणी सोडलं. प्लगच्या वायरी काढल्या. मग मागून हात घालून हेडची अर्थिंग...

तो थांबला. सिस्टर छताकडे बघत होती. मीही छताकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

इरफानने मागून हात घातला, पाना मागितला नाही, स्वतःच शोधून घेतला. मग चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात पेटली. एवढा धूर झाला, की बैठकीतले सगळे सदस्य परत हजर झाले. रिटायर ड्रायव्हरांनी विचारलं, कोणी काढला फॉल्ट?

"मी तीन दिन आठेच बठेल व्हती," सिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मले सापडना नही. इरफानले सापडना." म्हणजे, तिला सापडला नाही, इरफानला सापडला.

सिस्टर खोटं बोलल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सवय नसल्यामुळे मान लाल झाली होती, पण धुरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

महिन्याभराने सुकलालची जीप गॅरेजमध्ये इंजिन उघडून उभी होती. सिस्टर दुकानाच्या पायरीवर बसली होती. मी विचारलं, की सिस्टर, तुम्हाला दिसलं होतं, तर सांगितलं का नाही? तीन शब्दांचं काम होतं.

 ती म्हणाली, की नोकरीला लागल्यावर डोंगरातल्या उपकेंद्रात तिने पहिलं बाळंतपण एकटीने केलं. मूल पायाळू होतं. मोठी सिस्टर तिला एकटीला आत पाठवून, घरी जाते म्हणून निघून गेली होती. आतून दाराखालच्या फटीत तिला पावलं दिसली. मोठी सिस्टर गेलेली नव्हती. मूल रडेपर्यंत बाहेर उभी होती आणि मग खरंच घरी गेली.

"दुसरे दिन मले इचारं, कसं काय व्हयनं?" सुमन सिस्टर म्हणाली. "जशी काय तिले माहीतच नही."

मी विचारलं, तुम्ही काय सांगितलं?

"सांगं, चांगलं व्हयनं." ती गॅरेजकडे बघत होती. "आते ती नही. 'मी तुन्हा पाय दखेल व्हतात', हाई तिले सांगानं ऱ्हाईच गयं."