माय लॉर्ड्स, लिंबं पिकली आहेत

आमचे शेजारी लॉर्डसाहेब सगळ्यांना ‘माय लॉर्ड्स’ म्हणतात. पोस्टमनला, कुंपणावरच्या मॅगपाय पक्ष्यांना आणि मलासुद्धा. सून झाले, सासू झाले, आजी झाले. लॉर्ड होणं तेवढं राहिलं होतं, ते ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला मुलाकडे राहायला आल्यावर झालं.

विलायतेच्या संसदेत वरच्या सभागृहात त्यांच्या घराण्याची पिढीजात खुर्ची होती. वडील गेले, हे बसले. तिथे म्हणे बोलायचं ते सगळ्या सभागृहाला उद्देशून. पुढे कायदा बदलला, खुर्ची गेली, सवय राहिली. सकाळी कोटाचं बटण लावून ते कुंपणापलीकडून निवेदन करतात, “माय लॉर्ड्स, लिंबं पिकली आहेत.” मग मी पिशवी घेऊन जाते.

शेजारी खरोखरचा लॉर्ड आहे असं मुलाने सांगितलं, तेव्हा मी जेमतेम पासष्टची होते, म्हणजे अक्कल यायची होती. पैठणी नेसून, सुनेच्या ठेवणीतल्या कपबशा मांडून बसले. मुकुट नाही, तर निदान चांदीच्या मुठीची काठी तरी दिसेल. साहेब आले ते रबरी सपाता घालून, हातात रिकामी वाटी. त्यांच्याकडची साखर संपली होती. “आजी, ही इज जस्ट एड,” नातू म्हणाला, तो त्यांना सरळ नावानेच हाक मारतो.

दुपारी समुद्राकडून वारं सुटलं की आम्ही दोघं त्यांच्या अंगणातल्या बाकावर बसतो. ते डोळे मिटतात. ही झोप नव्हे, चर्चा ऐकणं आहे, असं त्यांचं म्हणणं. लिंबाची पानं सळसळतात आणि मलाही वाटायला लागतं, लांब कुठेतरी पुष्कळ माणसं हळू आवाजात बोलतायत.

अलीकडे मात्र ते डोळे उघडे ठेवून गप्प बसायचे. त्यांची मुलगी हेलन इथे नर्स आहे. तिला पार दुसऱ्या टोकाला, पर्थला नोकरी मिळाली आणि साहेबांसाठी तिने एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, खोली बघितली.

“तिने मला बरोबर चल म्हणून विचारलं नाही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, मग तुम्ही विचारा.

“कुठल्या तोंडाने? सात वर्षांची होती, बोर्डिंगात ठेवली. मी सभागृहात होतो.”

रविवारी हेलन सामान भरायला खोकी घेऊन आली. मी तिच्या हातात शिऱ्याची बशी दिली, माझ्या इंग्रजीत सांगितलं की तुझ्या डॅडना काही बोलायचंय, आणि लिंबं तोडायला लागले. कान अर्थात तिकडेच.

साहेब उठून उभे राहिले. मग म्हणाले, शाळेच्या खेळांच्या दिवशी ते एकदा आले होते. फाटकाबाहेर गाडीतच बसून राहिले. सगळ्या मुलींच्या डोक्यावर सारख्या टोप्या, त्यात आपली कुठली ते ओळखू येईना. बापाने हे विचारायचं कुणाला? तसेच परत गेले.

हेलन बशीकडे बघत राहिली. “हिरवी गाडी,” ती म्हणाली. “मी हात केला होता, डॅड.”

वारा पडला होता. मी तोडलेलं लिंबू हातातच धरून उभी.

“पर्थचं घर लहान आहे,” ती म्हणाली. “तू नाही म्हणशील असं वाटलं, म्हणून विचारलंच नाही.”

साहेब खाली बसले आणि थोडं सरकून बाकावर तिच्यापुरती जागा केली.